घुबड म्हणजे घुबड नव्हे: प्राचीन इजिप्तच्या लिप्यांविषयी

कमलताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्या लक्सरला जाऊन आल्या. तिथल्या बाजारात स्वतःचं नाव इजिप्शियन अक्षरांत कोरलेलं चांदीचं लॉकेट करून घेतलं. घरी आल्यावर सासूबाईंना त्यात घुबड दिसलं आणि लॉकेट कपाटात गेलं. आता ताई विचारतात: माझ्या नावात घुबड कुठून आलं? चित्रलिपी आहे तर प्रत्येक चित्राचा अर्थ कसा लावायचा? आणि रोझेटाच्या दगडावर तीन लिप्या आहेत म्हणतात, तर इजिप्तची खरी लिपी कोणती?

मी मुळात मोडी वाचणारा माणूस. दप्तरातले रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचे बांधलेले गठ्ठे, सोडता सोडता इजिप्तच्या लिपीच्या नादी लागलो आणि आता बरीच वर्षं हौशी मंडळींना ती शिकवतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, आणि मधे मधे मोडी डोकावेल.

आधी सासूबाईंचं शंकानिरसन. ते घुबड म्हणजे नुसता ‘म्’. लॉकेटमध्ये ‘क्’साठी एका बाजूला कान असलेली टोपली असेल, ‘ल्’साठी बसलेला सिंह असेल, आणि मधे घुबड. आपला ‘म’ मरणातही येतो आणि मंगळसूत्रातही येतो, घुबडाचंही तसंच. इजिप्तमधल्या कुठल्याही थडग्याच्या भिंतीवर शेकडो घुबडं असतात, कारण ‘मध्ये’, ‘पासून’, ‘ने’ अशा अर्थांचं सगळ्यात वापरातलं शब्दयोगी ‘म्’ हेच आहे.

सगळा घोटाळा ‘चित्रलिपी’ या शब्दाने केलाय. चिन्हं चित्रांसारखी आहेत, पण वाचायची असतात ती बहुतेक वेळा आवाजासाठी. हे काम कसं चालतं ते मी वर्गात मराठीतूनच समजावतो. ‘नाव’ म्हणजे होडी, आणि ‘नाव’ म्हणजे ज्याने हाक मारतात तेही. होडीचं चित्र काढता येतं, नावाचं येत नाही. मग लिहिणाऱ्याने होडी काढली आणि म्हटलं, हिचा फक्त आवाज घ्या. लिपीचा जन्म या युक्तीत आहे. नार्मेर राजाची प्रसिद्ध पाटी इ.स.पू. 3100 च्या आसपासची. तिच्यावर राजाचं नाव एक मासा आणि एक छिन्नी काढून लिहिलंय. माशाचा आवाज ‘नार’, छिन्नीचा ‘मेर’. राजाचा मासेमारीशीही संबंध नाही आणि सुतारकीशीही नाही. त्याच्याही आधीच्या, अबायडोसच्या ‘यू-जे’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कबरीत हाडाच्या आणि हस्तिदंताच्या बोटाच्या पेरांएवढ्या चिठ्ठ्या सापडल्या, भोक पाडून मालाला बांधलेल्या. त्या इ.स.पू. 3200 च्या सुमाराच्या. म्हणजे कोठारातल्या मालाला लेबल लावणं हे या लिपीच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक.

दुसरी गोष्ट: स्वर लिहीतच नाहीत. फक्त व्यंजनं. मराठीत असं केलं तर काय होईल ते बघा. मी फळ्यावर ‘म्ळ्’ लिहितो आणि विचारतो, वाचा. कुणी म्हणतं माळ, कुणी मळ, कुणी मूळ, कुणी मेळ. मग मी पुढे मण्यांची सर काढतो. सगळे एका सुरात म्हणतात, ‘माळ’. तेच पुसून झाडाच्या मुळ्या काढतो, ‘मूळ’. शेवटचं चित्र कुणी उच्चारलं नाही, पण त्याच्याशिवाय वाचताही आलं नसतं. इजिप्शियन लेखनात शब्दाच्या शेवटी असं न उच्चारायचं सूचक चिन्ह बसतं आणि शब्द कुठल्या जातीचा आहे ते सांगतं.

आता हेच खऱ्या इजिप्शियनमध्ये. छिन्नी, घुबड, तोंड अशी तीन चिन्हं एकापुढे एक आली की आवाज ‘म्र्’. छिन्नीतच ‘म्र्’ हे दोन्ही आवाज आहेत. घुबड ‘म्’ आणि तोंड ‘र्’ हे तेच पुन्हा सांगून खात्री करून देतात. ‘म्र्म्र्’ असं वाचायचं नसतं, नवशिके हमखास वाचतात. या तिघांच्या पुढे पिरॅमिडचं चित्र आलं तर शब्द ‘पिरॅमिड’. पुढे चिमणी आली तर शब्द ‘आजारी’. चिमणी का? कारण ती क्षुद्र, वाईट, कमी अशा सगळ्या गोष्टींची खूण. आणि याच चिमणीची शेपटी गोल न काढता दुभंगलेली काढली की ती होते पाकोळी, आणि पाकोळीचा आवाज ‘व्र्’, अर्थ ‘थोर’. थोर आणि क्षुद्र यांत शेपटीएवढंच अंतर. झिजलेल्या दगडावर ही शेपटी दिसली नाही की मी चहा मागवतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो.

तर चिन्हांच्या तीन भूमिका झाल्या: काही अख्ख्या शब्दाची, काही आवाजाची, काही नुसती जात सांगणारी. एकच चिन्ह तिन्ही भूमिका करू शकतं. घराचा आराखडा आणि खाली एक उभी रेघ असेल तर ‘घर’, आवाज ‘पर्’. तेच घर, तोंड आणि चालणारे दोन पाय असतील तर ‘बाहेर पडणे’, कारण त्याही क्रियापदात ‘प’ आणि ‘र’ आहेत. एकाच व्यंजनाची अशी चोवीसेक चिन्हं, बाकीची दोन किंवा तीन व्यंजनं एकदम सांगणारी. मध्य राज्याच्या, म्हणजे इ.स.पू. 2000 च्या आसपासच्या, काळातल्या लेखनात साधारण सातशे-साडेसातशे चिन्हं पुरतात. पुढे ग्रीक राजवटीत देवळांतल्या पुरोहितांनी हौसेहौसेने ती संख्या हजारांत नेली, आणि त्या काळातल्या भिंती वाचणं हा स्वतंत्र धंदा आहे. मी त्या वाटेला जात नाही.

चोवीस एकेरी चिन्हं हाताशी होती तर बाकी सातशे कशाला बाळगली, हा प्रश्न प्रत्येक तुकडीत कुणीतरी विचारतंच. माझं मत असं, की त्यांना गैरसोय होतच नव्हती. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, विरामचिन्हं नाहीत. अशा वेळी सूचक चिन्ह दिसलं की शब्द संपला हे डोळ्याला कळतं. आणि शब्द अक्षर अक्षर न जोडता एका नजरेत ओळखता येतो. सवय झाली की नुसत्या व्यंजनांची ओळच जास्त अवघड वाटते.

वाचायला सुरुवात कुठून करायची? माणसं आणि प्राणी जिकडे तोंड करून आहेत तिकडून. त्यांच्या तोंडाकडून आत शिरायचं. बहुतेकदा ओळ उजवीकडून डावीकडे जाते, पण दाराच्या दोन्ही चौकटींवर मजकूर असेल तर एका बाजूचा उलटा, कारण शोभेला दोन्ही बाजूंची चित्रं दाराकडे बघायला हवीत. शोभेखेरीज मानही असतो. देवाचं नाव शब्दात कुठेही येवो, लिहिताना आधी. तुतानखामेनच्या नावात सगळ्यात वर बोरूचं पान, सोंगट्यांचा पट आणि पाण्याची लाट दिसते. हे झालं ‘आमुन’, देवाचं नाव. त्याखाली ‘तुत’ आणि मग ‘अंख’. वाचताना मात्र तुत-अंख-आमुन. राजाच्या नावाभोवतीच्या लांबट कड्याला कार्तूश म्हणतात. नेपोलियनच्या शिपायांना ते बंदुकीच्या काडतुसासारखं दिसलं म्हणून हे फ्रेंच नाव, आणि आपलं ‘काडतूस’ही त्याच घराण्यातलं.

आता लिप्या किती, या मूळ प्रश्नाकडे येतो.

दगडावर कोरलेली, भिंतीवर रंगवलेली ती हायरोग्लिफ. इजिप्शियन लोक तिला ‘मेदू नेचेर’ म्हणत, म्हणजे देवाची वचनं. पण रोजच्या हिशेबाला कोण घुबडाची पिसं काढत बसणार? कारकुनाच्या हाती लव्हाळ्याची काडी असे, टोक चावून कुंचल्यासारखं केलेलं. फळीत दोन खळगे, एकात काजळीची काळी शाई, एकात गेरूची लाल. या कुंचल्याने भरभर लिहिलं की घुबड तीन-चार फटकाऱ्यांचं होतं. ती हायरेटिक. ही कायम उजवीकडून डावीकडे, आणि जोडाक्षरांसारखी चिन्हं एकमेकांत अडकलेली.

हायरोग्लिफ म्हणजे बाळबोध, आपली देवनागरी, आणि हायरेटिक म्हणजे मोडी, एवढं सांगितलं की मराठी माणसाला निम्मं समजतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा विचार करत बसत नाहीत, बोरू उचलत नाहीत. घाई आणि सवय यांनीच अक्षर घडतं. आम्ही मोडी कागद आधी बाळबोधीत उतरवून घेतो. इजिप्तचे अभ्यासकही हायरेटिक मजकूर आधी हायरोग्लिफमध्ये उतरवतात आणि मगच भाषांतराला हात घालतात. फक्त ‘सुंदर लिपी आधी आली आणि नंतर ती बिघडून घाईची झाली’ असा समज करून घेऊ नका. दोघी अगदी सुरुवातीपासून शेजारी शेजारी वाढल्या आहेत. उलट शिकणारी पोरं बहुधा हायरेटिकच आधी गिरवत. कोरीव लिपी सगळ्यांना यायची गरजच नव्हती.

माझा स्वतःचा जीव हायरेटिकवर आहे, कारण माणसं तिच्यात भेटतात. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे 2013 मध्ये पपायरसचे, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदाचे, तुकडे सापडले. लिहिलेले असे त्याहून जुने पपायरस आजवर मिळालेले नाहीत. ते खुफू राजाच्या काळातले, म्हणजे साडेचार हजार वर्षांहून जुने. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे: आज तुराच्या खाणीत दगड भरले, आज गिझाकडे निघालो, वाटेत मुक्काम, आज पोचलो, उद्या रिकामी नाव घेऊन परत. गिझाचा महापिरॅमिड बांधला जात असतानाची ही नोंद. त्यात ना शाप, ना गूढ. आहे ती हजेरी आणि वाहतूक.

किंवा लक्सरच्या पश्चिम काठावरचं देर अल-मदिना घ्या, राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव. कमलताई, राजांच्या दरीला गेला असाल तर ते जवळच आहे, बहुतेक सहली तिथे थांबत नाहीत. पपायरस महाग, म्हणून तिथली माणसं मडक्याच्या खापऱ्यांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर लिहीत. अशा हजारो खापऱ्या मिळाल्यात. धुण्याचे कपडे, गाढवाचं भाडं, उसनवारी, कोण कामाला आलं नाही आणि का. तिसऱ्या रामसेसच्या 29व्या वर्षी धान्याचा शिधा थकला तेव्हा कारागीर काम टाकून बाहेर जाऊन बसले. त्याची नोंद असलेला पपायरस आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. सगळं हायरेटिकमध्ये. साऱ्या देशात लिहितावाचता येणारे शंभरात एखादा असतील असा अभ्यासकांचा अंदाज आहे, पण या गावात प्रमाण त्याहून बरंच जास्त असणार.

या दोघींच्या मधली एक भरभर काढलेली हायरोग्लिफही आहे. मृताबरोबर ठेवायच्या मंत्रांच्या गुंडाळ्यांवर ती दिसते. चित्र ओळखू येतं, पण नुसत्या रेघांत. तिला वेगळी लिपी मोजायचं की नाही यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

इ.स.पू. 7व्या शतकात, पहिल्या सामतिक राजाच्या सुमाराला, उत्तरेकडून तिसरी येते, डेमोटिक. ही हायरेटिकचीही मोडी म्हणावी इतकी तुटक. इथे घुबड शोधू नका, चित्राचा मागमूस उरलेला नाही. खरेदीखतं, कराच्या पावत्या, लग्नाचे करार, पुढे गोष्टीसुद्धा. ‘डेमोटिक’ म्हणजे लोकांची, हे ग्रीकांनी दिलेलं नाव. इजिप्शियन लोक तिला कागदपत्रांची लिपी म्हणत. इथे एक सावधगिरी: डेमोटिक हे लिपीचंही नाव आहे आणि त्या काळच्या भाषेच्या टप्प्याचंही. देवनागरीत लिहिलं म्हणजे मराठीच असं नसतं, तसंच इथेही लिपी आणि भाषा वेगळ्या धराव्या लागतात. ग्रीकांबरोबर लव्हाळ्याचा कुंचला मागे पडत गेला आणि चिरलेल्या टोकाची बोरूची लेखणी आली. तिच्यासाठीचा ग्रीक शब्द ‘कालामोस’. तोच अरबीतून ‘कलम’ होऊन आपल्या दप्तरात बसलाय.

रोझेटाचा दगड इथे येतो. इ.स.पू. 196 मध्ये पुरोहितांनी पाचव्या टॉलेमी राजाच्या सन्मानार्थ केलेला ठराव: वर हायरोग्लिफ, मधे डेमोटिक, खाली ग्रीक. म्हणजे लिप्या तीन, पण भाषा दोनच. शेवटी लिहिलंय की हा ठराव पवित्र, देशी आणि ग्रीक अक्षरांत कोरून देवळांत उभा करावा. वर देवांसाठी, मधे लोकांसाठी, खाली सरकारसाठी. वरचा भाग तुटल्याने हायरोग्लिफच्या चौदाच ओळी शिल्लक आहेत.

चौथी कॉप्टिक. ख्रिस्ती धर्म पसरला तशी जुनी देवळांची अक्षरं लोकांना नकोशी झाली. 24 ग्रीक अक्षरं घेतली आणि ज्या आवाजांना ग्रीकमध्ये अक्षर नव्हतं त्यांच्यासाठी सहा-सात डेमोटिकमधून उचलली. पहिल्यांदाच स्वर नेमाने कागदावर आले. भाषा तीच, पिरॅमिडवाल्यांची, फक्त तीन हजार वर्षांनी म्हातारी झालेली. कॉप्टिक चर्चच्या प्रार्थनांत ती आजही ऐकू येते.

आणि तिच्यामुळेच कुलूप उघडलं. मधली तेराशे-चौदाशे वर्षं लोक चित्रांचे अर्थच लावत बसले होते. होरापोलो नावाच्या लेखकाने 5व्या शतकात लिहून ठेवलं, की गिधाड म्हणजे आई, कारण गिधाडांत नर नसतो. ससा म्हणजे ‘उघडा’, कारण तो डोळे मिटत नाही. गंमत अशी की उत्तरं जवळपास बरोबर आहेत, कारणं साफ चूक. आई या शब्दात गिधाड येतं ते त्याच्या आवाजासाठी, ‘उघडणे’मध्ये ससा येतो तो ‘व्न्’ या आवाजासाठी. इंग्रज संशोधक थॉमस यंगने टॉलेमीचं नाव कार्तूशात ओळखलं, पण आवाजाची चिन्हं परक्या नावांपुरतीच असावीत या समजापाशी तो थांबला. फ्रेंच अभ्यासक शांपोलियोनने सरळ मोजदाद केली: रोझेटावर ग्रीक शब्द 486 आणि हायरोग्लिफ 1,419, तेही तुटलेल्या दगडावर. एका शब्दाला एक चित्र हा हिशेब बसेना. मग 1822 च्या सप्टेंबरात अबू सिम्बेलच्या देवळातल्या लेखाच्या एका नकलेत त्याला कार्तूश दिसलं: सूर्य, एक अनोळखी चिन्ह, आणि ‘स्’ दोनदा. कॉप्टिकमध्ये सूर्य म्हणजे ‘रे’, आणि ‘मिसे’ म्हणजे जन्म देणे. रे-म्स-स्स. रामसेस! हा तर टॉलेमीच्या हजार वर्षं आधीचा अस्सल इजिप्शियन राजा. मला या शोधात रोझेटापेक्षा शांपोलियोनचं कॉप्टिक मोठं वाटतं. ती भाषा त्याने मुलगा असल्यापासून घोटली होती.

तोवर शेवटचा हायरोग्लिफ लेख कोरला जाऊन चौदाशे वर्षं उलटली होती. तो आस्वानजवळच्या फिलेच्या देवळात आहे, 24 ऑगस्ट 394 चा. त्याच देवळात 452 मधला डेमोटिक मजकूर आहे, आणि त्यानंतरचा कुठेही सापडलेला नाही.

एक फाटा राहिला. सिनाईत सेराबित अल-खादिमच्या पिरोज्याच्या खाणींजवळ सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरबीच्या कुळातली, भाषा बोलणाऱ्या लोकांनी इजिप्शियन चित्रं उचलली आणि त्यांना आपल्या भाषेतल्या नावाचा पहिला आवाज दिला. बैलाच्या डोक्यापासून पुढे ग्रीक अल्फा आणि रोमन ‘ए’ झाला, पाण्याच्या लाटेपासून ‘एम’. त्याच वंशातली पश्चिम आशियातली अरामाईक लिपी. आणि ब्राह्मी अरामाईकवरून घडली हे बऱ्याच अभ्यासकांचं मत ग्राह्य धरलं, तर आपली देवनागरी आणि मोडीही त्या खाणीपर्यंत जाऊन पोचतात. ब्राह्मीबद्दल वाद आहेत, म्हणून पैज लावणार नाही.

आता लॉकेट. दुकानदाराने तक्त्यावरून एकेरी चिन्हं जुळवलीत. चूक म्हणता येणार नाही, क्लिओपात्राच्या नावातला ‘ल्’ही सिंहानेच लिहिलाय. भोवती कार्तूश आहे, तो मान राजा-राणीचा, तेवढा चालवून घ्या. पण घुबडावरून घरात वाद नको असेल तर उपाय आहे. तुमच्या नावाचा अर्थच त्या भाषेत लिहा. इजिप्शियनमध्ये कमळाला ‘सेशेन’ म्हणतात. हाच शब्द हिब्रूत ‘शोशन’ होऊन युरोपात सुझॅन झाला. सोनाराला असं सांगा: ‘स्’साठी दाराचा अडसर किंवा घडी घातलेलं कापड, ‘श्’साठी तळं, ‘न्’साठी पाण्याची लाट, मग कमळाचं फूल आणि शेवटी बसलेली बाई. शेवटची दोन उच्चारायची नाहीत. बाईचं तोंड उजवीकडे ठेवायला सांगा, म्हणजे उजवीकडून वाचता येईल.